मोटार शर्यतीचा सिनेमा शाळेतल्या पोरांना दाखवायचा, तर तपासायचं काय काय?

मास्तर_खारपाणपट्टा :
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ६२ (शाळेचा पट, बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट नव्हे). एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर सकाळच्या वेळी एक सिनेमा दाखवायचा आहे. पोरांची मागणी एकच, गाड्यांच्या शर्यतीचा. बैलजोड्या पळताना पाहत वाढलेली पोरं, त्यांना दुसरं काय सुचणार! समोर तीन नावं आहेत : 'कार्स', 'कार्स २' आणि 'फोर्ड व्ही फेरारी'. पहिले दोन कार्टून, म्हणून डोळे झाकून लावा, असं सहकारी म्हणतात. तिसऱ्यात थोड्या शिव्या आहेत पण रक्तबिक्त नाही, आणि सातवीची पोरं त्याच्याच मागे लागली आहेत. उद्या कुणा पालकानं विचारलं तर 'सर्टिफिकेट होतं' एवढं उत्तर पुरेल का? नसेल, तर नेमकं काय पाहून ठरवायचं? जागा म्हणजे गावातलं समाजमंदिर, वर टिनाचं छप्पर. प्रोजेक्टर भाड्याचा.

रीळ_आणि_रस्ता :
सर, आधी सर्टिफिकेटचं पाहू. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी जुन्या 'यूए'चे तीन तुकडे केले : यूए ७+, यूए १३+, यूए १६+. हा आकडा पालकांसाठी सूचना आहे, त्यावरून थिएटरवाला पोराला दारात अडवत नाही. १८ खालच्यांना कायद्यानं बंदी आहे ती फक्त 'ए'ला. तुमचे तिन्ही सिनेमे जुने, तेव्हा सर्टिफिकेटावर असा आकडा सापडणार नाही. जुन्या नुसत्या 'यूए'चा अर्थ १२ वर्षांखालच्यांनी पालकांच्या विचारानं पाहावा, इतकाच.

ओटीटीवर जे वय दिसतं ते सेन्सॉरचं नसतं. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ते ओटीटीवाले स्वतःच ठरवतात. वयाशेजारी कारण लिहिलेलं असतं (भाषा, हिंसा वगैरे), ते आकड्यापेक्षा कामाचं. थिएटरातली प्रत आणि ओटीटीवरची प्रत एकच असेल असंही नाही. म्हणून जी प्रत लावणार तीच, आणि ज्या भाषेत लावणार त्याच भाषेत, आधी शेवटपर्यंत पाहा. हिंदी डबिंगमध्ये कधी शिवी गळते, कधी मुळात नसलेली येऊन बसते.

आता सर्टिफिकेटात न मावणारी गोष्ट. शब्द, हावभाव, रक्त, कपडे यांच्यावर कात्री चालते. २०२५ मधल्या 'एफ१' या सिनेमात मधल्या बोटाचा इमोजी काढून तिथे मुठीचा बसवला, इतकं बारीक लक्ष! पण शर्यतीच्या सिनेमात लेकराला जड जातं ते अपघातानंतरच्या दोन मिनिटांत. गाडी उलटते, ठिणग्या उडतात, तेव्हा पोरं शिट्ट्या मारतात. मग आवाज बंद होतो आणि कॅमेरा कुणाच्या तरी चेहऱ्यावर जातो. तो चेहरा कुणाचा, हे लिहून ठेवा.

'फोर्ड व्ही फेरारी'त तो चेहरा पोराचा आहे. शेवटी फोर्डचा ड्रायव्हर केन माइल्स नवी गाडी तपासायला ट्रॅकवर जातो, ब्रेक लागत नाहीत, लांबून धूर आणि आग दिसते, आणि त्याचा शाळकरी मुलगा तिथेच उभा असतो. माइल्स खरोखरच १७ ऑगस्ट १९६६ ला कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड ट्रॅकवर अशा चाचणीत गेला. पडद्यावर रक्ताचा थेंब नाही, म्हणून तो सौम्य वाटतो. पण ६२ पोरांत बाप गेलेलं लेकरू असणारच. आपल्याकडे कोणत्या गावात नाही? निवड करण्याआधी हजेरीपट उघडा आणि एकेका नावावर बोट ठेवून विचार करा. ज्याचा बाप किंवा भाऊ गाडीवरून गेला, त्याला हा सिनेमा साठ जणांच्या गर्दीत दाखवू नये.

'जिद्दीची गोष्ट' म्हणून कुणी २०१३ चा 'रश' सुचवेल. शर्यतीचा ड्रायव्हर निकी लाउडा १ ऑगस्ट १९७६ ला जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग ट्रॅकवर भाजला आणि १२ सप्टेंबरला इटलीतल्या मोंझात पुन्हा गाडीत बसला, ही हकीकत पोरांना तोंडी जरूर सांगा. सिनेमात मात्र जळालेल्या चेहऱ्याचे आणि फुप्फुसात नळी घालून सफाई करण्याचे प्रसंग आहेत, शिवाय नग्नता. शाळेत त्याचं काम नाही.

बालवाडी_ताई :
कार्टून डोळे झाकून लावू नका सर. 'कार्स २' नावापुरताच शर्यतीचा. आत हेरगिरी, बंदुका, आणि एका हेर गाडीला पकडून यंत्रावर चढवून तिचं इंजिन फुटेपर्यंत छळण्याचा प्रसंग. अमेरिकेत याला सर्वांसाठीचा 'जी' दर्जा आहे, कारण मरते ती 'गाडी'. पण साधारण सात वर्षांखालचं मूल दिसतं त्यावरून ठरवतं. डोळे आहेत, तोंड आहे, बोलते, म्हणजे जिवंत. त्याच्यासाठी तिथे कुणीतरी मेलेलं असतं.

आठ-नऊच्या पुढे उलट होतं. डोळेवाली गाडी फुटली तर ही पोरं हसतात, पण खरोखर घडू शकेल अशा गोष्टीनं घाबरतात : आग, दवाखाना, बाप घरी न येणं. म्हणून पहिलीचं आणि सातवीचं पोर एका सिनेमाला बसवलं की दोघांपैकी एक चुकीच्या जागी बसलेलं असतं. पहिली ते चौथी एक दिवस, पाचवी ते सातवी दुसऱ्या दिवशी, असे दोन गट करा.

२००६ चा पहिला 'कार्स' लहान गटाला चालेल. त्यात दोन जागा सांभाळायच्या. एक, रात्री शेतात ट्रॅक्टर उलटवायची गंमत चालते आणि एक भलामोठा हार्वेस्टर मागे लागतो. आपल्या पोरांनी सोयाबीनमध्ये हार्वेस्टर पाहिलेला असतो, त्यामुळे मोठी खिदळतील, पण पहिलीची दचकतील. त्या वेळी त्यांच्यात जाऊन बसा. दुसरी, शेवटच्या शर्यतीत म्हातारी निळी गाडी वाईट आपटते. मात्र लगेच नायक जिंकण्याच्या रेषेआधी थांबतो, मागे येतो आणि तिला ढकलत रेषेपार नेतो. अपघातानंतर मदत येताना दिसली की लहान मूल सावरतं. तपासताना हाच प्रश्न विचारा : आपटल्यानंतर किती वेळात कुणी धावून येतं?

पहिली-दुसरीची पोरं सलग ३०-४० मिनिटांपेक्षा जास्त बसत नाहीत. मध्ये पाणी-लघवीची सुट्टी ठेवा, पण ती अपघाताच्या प्रसंगावर येऊ देऊ नका.

साउंड_लाइटवाला_भाऊ :
मास्तर, सिनेमा कोणताही लावा, पण डीजेचे बॉक्स नका आणू बाप्पा! टिनाखाली इंजिनाचा आवाज घुमते अन् लहान पोट्टे कानावर हात ठेवून रडाले लागतात. मग लोक म्हणतात सिनेमा भयानक होता. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घ्या (अंदाजापुरतं ठीक), पोट्ट्यांच्या जागेवर बसून ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाज संवादावर नका लावू, सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या प्रसंगावर लावा. संवाद हळू येतात म्हणून वाढवलं की शर्यतीत कान फाटतात.

पहिली रांग पडद्याच्या रुंदीच्या दीडपट तरी मागं. गाडीतून घेतलेल्या दृश्यांनी जवळच्यांना गरगरते, सकाळी उपाशी आलेल्यांना जास्तच. ज्याला फिट येते त्याच्या मायबापाला आधी विचारा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलख होत असेल तर अशा पोराला धोका असते. एक ट्यूबलाइट मागं चालू राहू द्या, पूर्ण अंधार नको.

अन् लाइन. अपघात झाला अन् तिथंच लाइन गेली, तर पोट्टे तेवढंच डोक्यात घेऊन घरी जातात. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) भरलेली बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, त्यातले हजारेक धरा. प्रोजेक्टर ३००, लॅपटॉप अन् छोटा स्पीकर मिळून १५०. दोन तास निघतात, पंखे नाही लावले तर. मोठा ॲम्प्लिफायर लावला की इन्व्हर्टर ट्रिप होते.

ट्रॅक_मार्शल :
वरच्या मंडळींनी भीतीचं सांगितलं. माझी काळजी दुसऱ्या दिवशीची आहे. पाचवी-सहावीतली पोरं घरची गाडी घेऊन फाट्यापर्यंत जातातच. सिनेमानं त्यांना गाडी चालवणं शिकवलं जात नाही, कट मारणं शिकवलं जातं. म्हणून तपासताना आणखी एक रकाना ठेवा : शर्यत बंद ट्रॅकवर आहे की चालू रस्त्यावर? चालू रस्त्यावर आणि नायकाला काही होत नाही, तर तो सिनेमा या वयाला नको, सर्टिफिकेट काहीही असो.

ट्रॅकवरचा असेल तर नंतर अर्धा तास मैदानावर घ्या. चुन्यानं रेघा मारा. कोरडा डांबरी रस्ता, चांगले ब्रेक, चालवणाऱ्याला भानावर यायला एक सेकंद, असं धरलं तर गाडी पूर्ण थांबायला ताशी ४० ला २० मीटर, ६० ला ३७, ८० ला ५७ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर तिपटीच्या जवळ. पोरांना पावलांनी मोजू द्या. टिप्परमधून रेती सांडलेल्या रस्त्यावर अंतर याहून लांबतं, हे त्यांना लगेच कळतं.

मग सांगा की पडद्यावरच्या ड्रायव्हरकडे काय होतं आणि आपल्या रस्त्यावर काय नाही. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. डोकं-मान धरून ठेवणारा 'हान्स' पट्टा एफ१ (फॉर्म्युला वन) शर्यतींत २००३ पासून सक्तीचा, डोक्यावरची 'हॅलो' कमान २०१८ पासून. पहिल्या फेरीत डॉक्टरांची गाडी मागेच असते. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमधल्या एफ१ शर्यतीत ड्रायव्हर रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, पेटली, आणि तो जवळपास अर्ध्या मिनिटात स्वतः बाहेर आला, हात भाजून. हॅलो, सूट आणि धावत आलेला डॉक्टर, हे तिन्ही होते म्हणून. वेगही बऱ्याचदा कॅमेऱ्याचा असतो : कमी फ्रेमनं टिपायचं आणि नेहमीच्या गतीनं दाखवायचं, की गाडी दुप्पट धावते.

पालकसभेत कायद्याचं एक वाक्य पुरे. अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच. गावात दिसणाऱ्या बहुतेक स्कूटी त्यात बसत नाहीत.

मास्तर_खारपाणपट्टा :
सगळ्यांचे आभार. हजेरीपट पाहिला, तिसरं नाव बाद. 'कार्स २' पण बाद. पण सातवीची पोरं ऐकणार नाहीत. 'फोर्ड व्ही फेरारी' त्यातल्या फ्रान्समधल्या ल मांसच्या शर्यतीपर्यंत दाखवून तिथेच बंद केला तर?

रीळ_आणि_रस्ता :
नको सर. शेवट कापला की पोरं संध्याकाळी मोबाइलवर तोच शोधून एकटी पाहतात. १९६६ च्या ल मांसचा निकाल हवा असेल तर तो फळ्यावर काढून सांगा : फोर्डच्या तीन गाड्या एकत्र रेषेवर याव्यात म्हणून माइल्सनं वेग कमी केला, आणि फोर्डचाच दुसरा ड्रायव्हर मॅक्लारेन याची गाडी सुरुवातीला जास्त मागून निघाली होती म्हणून तिनं जास्त अंतर कापल्याचं धरून तिला पहिलं ठरवलं. शंकरपटाच्या निकालावरून भांडणारी पोरं आहेत तुमची, तासभर पुरेल. मोठ्या गटालाही 'कार्स'च लावा. कुरकुर करतील, पण हार्वेस्टर आला की ती विसरून खिदळतील.

आणि एक. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेला सूट आहे, पण प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. समाजमंदिराचं दार उघडं ठेवून गावाला बोलावलं की ती सूट राहत नाही. ओटीटीवाल्यांच्या अटी आणखी वेगळ्या, घरगुती वापरापुरत्या. डीव्हीडी मिळाली तर ती बरी.

मास्तर_खारपाणपट्टा :
दार लावलं तर टिनाखाली पोरं उकडून निघतील!

साउंड_लाइटवाला_भाऊ :
दारात कूलर ठेवा मास्तर. हवा आत येईल, गाव बाहेर राहील. फक्त कूलर इन्व्हर्टरवर नका लावू.