मदत हवी आहे: रेझरचा दांडा जुना, डोकं नवं घ्यायचंय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. बाबांच्या जुन्या तीन तुकड्यांच्या (वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा) रेझरचा पितळी दांडा अजून ठणठणीत आहे, हातात कसा छान वजनदार बसतो! पण त्यावर लावलेलं झमॅकचं (जस्ताचा मिश्रधातू) स्वस्त डोकं परवा पिळताना गेलं. आट्यांची खुंटीच मोडली आणि अर्धी दांड्यात अडकून बसली. (आई म्हणाली, "एवढं कशाला आवळायचं?" खरंय.)

पहिलं म्हणजे ती खुंटी काढायची कशी? पितळेचे आटे खराब व्हायला नकोत.

दुसरं, डोकं कोणतं घेऊ? हल्लीच्या बहुतेक तीन-तुकडी रेझरांना एम५ (५ मिमी मापाचे) आटे असतात, म्हणून अदलाबदल चालते. जुन्या दांड्यांना कधी १०-३२ या इंची मापाचे आटे असतात, तेही जवळपास जुळतात म्हणे. कोणी प्रत्यक्ष बसवून पाहिलंय का? म्युले कंपनीचं आर४१ हे डोकं नको, फार आक्रमक. हनुवटीखाली माझे केस उलटे वाढतात, त्यात बोअरच्या जड पाण्याला फेस धड येत नाही. त्यांच्याच आर८९सारखं सौम्य, पण स्वस्तातलं हवंय. बजेट पाचशे-सहाशे. नुसतं डोकं सुटं मिळतं का, की पूर्ण रेझर घेऊन दांडा बाजूला ठेवावा लागेल?