मदत हवी आहे : आठवीच्या मुलांना 'गेट' कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. 'गेट' या एका क्रियापदापाशी गाडी अडली आहे.

मागच्या आठवड्यात फळ्यावर समानार्थी शब्द लिहून दिले : ऑब्टेन, रिसीव्ह, बिकम, रीच. मुलांनी पाठ केले. वाक्यं बदलून आणा म्हटलं, तर एकीने लिहिलं, 'आय ऑब्टेन अप ॲट सिक्स.' दुसऱ्याचं, 'माय फादर रिसीव्ड अँग्री.' चूक त्यांची नाही. कोणता शब्द कुठे बसतो ते मी सांगितलंच नव्हतं.

मग मराठीतलं 'लागणे' घेतलं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, जायला तास लागतो, आंबा गोड लागतो, तो माझा मामा लागतो. आता 'लागणे' काढून 'मिळणे' घाला म्हटलं. 'नोकरी मिळते' जमलं. 'ठेच मिळते'ला वर्ग खो खो हसला. मग मुलंच सुटली : डोळा लागला, दृष्ट लागली, कुत्रं मागे लागलं. अख्खा तास त्यातच गेला, पण तो सत्कारणी लागला असंच मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी 'गेट'च्या पुढे काय येतं ते बघायला लावलं. वस्तू आली तर बहुधा मिळणं : 'आय गॉट अ लेटर', इथे रिसीव्ह चालतं. विशेषण आलं तर होणं : 'इट इज गेटिंग डार्क', इथे बिकम. ठिकाण आलं तर पोचणं : 'वी गॉट टु स्कूल', इथे रीच. बहुतेकांना जमलं. फक्त 'टु' तसाच राहतो, 'रीच्ड टु स्कूल' जवळपास प्रत्येक वहीत आहे. त्यावर काही उपाय?

खरी अडचण पुढची. 'गेट अप', 'गेट ऑन', 'गेट ओव्हर' ही जोडी म्हणून पाठ करून घ्यायची, की धड्यात येतील तशी सांगायची? आणि 'द डोअर वॉज लॉक्ड' व 'द डोअर गॉट लॉक्ड' यांतला फरक मराठीत कसा समजवायचा? पहिल्यात दार कुलूपबंद होतं, किंवा कुणी कुलूप लावलं, असे दोन्ही अर्थ निघतात. दुसऱ्यात कुलूप लागण्याची क्रियाच घडते. मला कळतं, पण त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

एका मुलाला शिकवणीत सांगितलंय की निबंधात 'गेट' लिहायचंच नाही. मला हे पटत नाही. मुख्याध्यापकांना अर्ज असेल तर रिसीव्ह शोभतं, पण मैत्रिणीच्या पत्रात 'गॉट'च सहज वाटतं. आठवीत हा फरक सांगावा का?

वर्गात स्वतः करून पाहिलेला एखादा खेळ किंवा सराव असेल तर जरूर लिहा. वर्गात 52 मुलं आहेत, तास 35 मिनिटांचा, हाताशी फळा आणि खडू.