अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासाला एसीएस पुरतो का?

मोजपट्टी : पुरतो. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे (एसीएस) ही तिथल्या जनगणना विभागाची पाहणी दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो आणि त्याची व्यक्तिनिहाय फाइल फुकट मिळते. सेवा कुठल्या काळातली, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचं सरकारी रेटिंग किती टक्के, हे दोन्ही त्यात असतं. विद्यार्थ्याने पाचपन्नास जणांकडून गूगल फॉर्म भरून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

खोडरबर : पत्ते भरपूर, प्रश्न मात्र ढोबळ. भूदल की नौदल, हुद्दा काय, लढाईवर गेला होता का, सेवेतून कसा बाहेर पडला, यातलं काहीच विचारत नाहीत. बदनामीचा शेरा देऊन काढलेला माणूस कायद्याने 'व्हेटरन' ठरत नाही, इथे तोही मोजला जातो. शिवाय घरातला एकच जण सगळ्यांची उत्तरं भरतो. फुटपाथवर झोपणारे तर नमुन्यात येतच नाहीत, त्यामुळे बेघर माजी सैनिकांवर लिहायचं असेल तर ही फाइल उघडूच नका.

मोजपट्टी : बेघरांचं मान्य. बाकीच्यांचं काय?

भारवाही : बाकीच्यांतही लोक हमखास घसरतात ते 'एमआयएल' या लष्करी सेवेच्या रकान्यावर. २०१३ पासून त्यात कोड २ म्हणजे पूर्वी सक्रिय सेवेत, ३ म्हणजे राखीव दल किंवा नॅशनल गार्डचं फक्त प्रशिक्षण. त्याआधीच्या फायलींत मात्र ३ म्हणजेच बहुतेक माजी सैनिक! कोड न जुळवता वर्षं जोडली की माजी सैनिक रातोरात गायब. नमुन्यामुळे येणारी संभाव्य चूकही (स्टँडर्ड एरर) फाइलीतली ८० पूरक वेट वापरूनच काढा (वेट म्हणजे नमुन्यातला एक जण किती लोकांच्या वतीने मोजायचा तो आकडा) : प्रत्येक वेटने आलेला आकडा मूळ आकड्यातून वजा, वर्ग, बेरीज, भागिले २०, वर्गमूळ.

खोडरबर : गणित चोख असलं तरी तुलना फसते. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, म्हणून व्हिएतनामवाले आज म्हातारे. उलट भरतीच्या वैद्यकीय तपासणीत आजारी आधीच गळतात. वय न जुळवता 'सैनिक विरुद्ध नागरिक' असा तक्ता काढणं म्हणजे निव्वळ करमणूक. रेटिंगही प्रकृतीचं माप नव्हे. ते अर्ज केल्यावर मिळतं, ७० ते १०० टक्के एकाच खणात टाकलेले असतात, आणि सेवेत विषारी पदार्थांची झळ बसलेल्यांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याने पात्रता वाढवली. नंतर आकडा चढला तर तब्येती बिघडल्या असं कसं म्हणणार?

मोजपट्टी : रेटिंगला 'मंजूर झालेलं अपंगत्व' म्हणा, भांडण मिटलं. छोट्या भागातल्या महिला माजी सैनिकांसाठी पाच वर्षांची एकत्र केलेली फाइल घ्या.

भारवाही : घ्या, पण २०२० चं संकलन कोविडने विस्कटलं होतं, त्या वर्षाच्या एकवर्षीय फाइलीची वेट प्रायोगिक होती. २०२० पाचांत येत असेल तर ते तळटीपेत लिहा.

खोडरबर : तळटीप वाचतो कोण? मथळ्यातच टाका.