‘भय-अभिसंधान’ की ‘धोका-अभिसंधान’? (शिवाय थिजणं, विलोपन, उगडास)

माटोळी:
जोसेफ लडू या मेंदूशास्त्रज्ञाच्या कामावरचा लेख रविवारच्या पुरवणीसाठी मराठीत करायचा आहे. घोडं एका जोडशब्दावर अडलंय. उंदराला एक सूर ऐकवायचा, सूर संपता संपता पायाखालच्या सळ्यांतून विजेचा झटका द्यायचा. दोन-चार फेऱ्या झाल्या की नुसता सूर ऐकूनच उंदीर जागच्या जागी थबकतो. दोन गोष्टींची अशी सांगड शिकवण्याला ‘अभिजात अभिसंधान’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आहेच, त्यामुळे याला ‘भय-अभिसंधान’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण २०१४ साली लडू यांनीच लिहिलं की इथून ‘भय’ काढा. भय म्हणजे जाणिवेत उमटणारा अनुभव. प्रयोगात मोजलं जातं ते धोक्याला शरीराने दिलेलं उत्तर. त्यांनी ‘धोका’ या अर्थाचा शब्द सुचवला. मराठीत ‘धोका-अभिसंधान’ लिहिलं की संपादक विचारतात, कुणी कुणाला धोका दिला? सुचवा काहीतरी.

शब्दलोभी:
धोका देणं हे हिंदीतून आलेलं दुखणं. मराठी माणूस दगा देतो, धोका पत्करतो. चोर्ला घाटात ‘धोक्याचे वळण’ वाचून कुणाला फसवणूक आठवत नाही. शब्द ठेवा, संपादकांना समजावा.

पाटोळी:
समजावून काय होणार, शब्दलोभीबाब? ‘धोका दिला’ आज म्हापशाच्या बाजारातही चालतं आणि वर्तमानपत्रातही. दोन्ही अर्थ रुळले. वाचक पुरवणी वाचताना कोश उघडून बसत नाही.

दर्यावर्दी:
शब्द ठरवण्याआधी प्रयोगात काय होतं ते नीट बघू, म्हणजे कुठला शब्द कुठे बसतो ते कळेल. सूर साधारण २० ते ३० सेकंदांचा. शेवटच्या अर्ध्या ते एका सेकंदात झटका, अर्धा ते एक मिलिअँपिअर. दुसऱ्या दिवशी तोच उंदीर वेगळ्या पेटीत: जमीन सळ्यांऐवजी सपाट, वास बदललेला, उजेड बदललेला. तिथे फक्त सूर. पेटी बदलली नाही तर गफलत होते. उंदीर पेटीलाच ओळखून थबकतो आणि सुरामुळे किती, जागेमुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. जागेच्या ओळखीसाठी हिपोकॅम्पस (मेंदूतला एक भाग) लागतं. साध्या सुराच्या शिकण्याला ते नसलं तरी चालतं, अमिग्डला (मेंदूतलाच दुसरा भाग) मात्र हवंच.

मोजतात काय? श्वासाखेरीज कुठलीही हालचाल नाही, असे सेकंद. हल्ली कॅमेरा आणि संगणक मोजतात. ‘हालचाल’ कशाला म्हणायचं याचा उंबरठा ढिला ठेवला तर पेंगणारा उंदीरही ‘थबकलेला’ ठरतो, फार कडक ठेवला तर छातीचा भाता हलला तरी ‘हालचाल’ धरली जाते. काही उंदीर, त्यातही माद्या, थबकण्याऐवजी पेटीभर सुसाट धावतात. फक्त थबकणं मोजलं तर त्या ‘शिकल्याच नाहीत’ असा निकाल निघतो. या सगळ्यात ‘भय’ कुठल्याच रकान्यात नाही. लडू यांचं म्हणणं एवढंच आहे.

माटोळी:
थबकणं की गोठणं? मूळ मसुद्यात मी ‘गोठतो’ केलं होतं.

अबोली:
गोठतं ते पाणी, तेही हिमालयात! आपल्याकडे खोबरेल थिजतं, तूप थिजतं आणि माणूस भीतीने थिजतो. ‘थबकणं’ही नको, चालता माणूस ओळखीचं कुणी दिसलं तरी थबकतो. थिजणंच बरोबर.

शब्दलोभी:
आणि त्याहून जुना शब्द घरात पडून आहे: स्तंभ. भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. स्तंभ म्हणजे अंग खांबासारखं होणं. तुमचा उंदीर नेमकं तेच करतो. मुख्य म्हणजे लडू यांना २०१४ मध्ये जो भेद करावासा वाटला, तो या परिभाषेत आधीपासून आहे. ज्यामुळे भाव जागा होतो तो विभाव, शरीरावर दिसतो तो अनुभाव, आत असतो तो भाव. सूर हा विभाव, थिजणं हा अनुभाव, भय हा भाव. माटोळीबाय, ‘विभाव-अभिसंधान’ करा. धोकाही नको, भयही नको.

पाटोळी:
सुंदर. आणि वाचक समजेल की लेख कीर्तनावर आहे.

दर्यावर्दी:
तीन खणांची मांडणी खरंच कामाची आहे, शब्द घ्या किंवा सोडा. पण एक अडचण. रसशास्त्रात अनुभाव हा भावाच्या मागून येतो, भाव ओळखण्याची तो खूण असतो. लडू यांच्या मांडणीत थिजणं हे जाणिवेतल्या भयातून निघत नाही. कानातून आलेला संदेश थॅलॅमसमध्ये (मेंदूतलं संदेश पुढे पाठवणारं ठाणं) पोचला की दोन वाटा फुटतात. एक थेट अमिग्डलाच्या पार्श्व केंद्रकात, दुसरी आधी प्रमस्तिष्काच्या बाह्यकात (मेंदूच्या वरच्या थरात) आणि तिथून अमिग्डलात. उंदरात पहिल्या वाटेने साधारण १२ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्या वाटेने जवळपास दुप्पट. १९८४ च्या प्रयोगात श्रवणाचं बाह्यक काढून टाकलं तरी उंदीर सुराला शिकले. थॅलॅमसमधला श्रवणाचा भाग निकामी केल्यावर मात्र शिकले नाहीत. पुढे पार्श्व केंद्रकाकडून मध्यवर्ती केंद्रकाकडे, तिथून एक फाटा मध्यमेंदूकडे (थिजणं) आणि दुसरा हायपोथॅलॅमसकडे (रक्तदाब). सुराने अंग थिजायला भयाची जाणीव आधी व्हावीच लागते असं यात कुठे नाही.

म्हणून ‘अनुभाव’ म्हणालात तर व्युत्पत्तीच आडवी येईल. अनु म्हणजे मागून!

शब्दलोभी:
मुद्दा मान्य. शब्द सोडत नाही.

खाजनकर:
मधेच विचारतो: पहिल्या वाटेला लेखात ‘आडवाट’ म्हटलंय का? बऱ्याच मराठी लेखांत तसं दिसतं. आडवाट म्हणजे वहिवाटीपासून बाजूला पडलेली, बहुधा लांबचीच. इथे ‘जवळची वाट’ आणि ‘लांबची वाट’ पुरे.

माटोळी:
‘आडवाट’च होतं. बदललं.

अबोली:
‘धसका’ कुणी का घेत नाही? भीती वाटते, धसका बसतो. क्रियापदंच बघा. ‘वाटणं’ जाणिवेतलं, ‘बसणं’ अंगातलं. विजांचा कडकडाट झाला की ढोर दावं तोडतं, तेव्हा आपण ‘त्याला भीती वाटते’ म्हणण्याआधी ‘त्याने धसका घेतलाय’ म्हणतो. ढोराच्या मनाबद्दल काही दावा न करता शिकलेली प्रतिक्रिया सांगणारा मराठीत हाच एक शब्द मला दिसतो. धास्ती वेगळी, ती पुढच्याची. धाक वेगळा, तो माणसाचा किंवा राखणदाराचा. दहशत तर गावावर बसते.

दर्यावर्दी:
याला प्रयोगाचा आधार देता येतो. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये मेरेल किंट आणि सहकाऱ्यांनी माणसांना एक चित्र आणि सौम्य झटका यांची सांगड शिकवली. दुसऱ्या दिवशी ४० मिलिग्रॅम प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे रक्तदाबावर देतात तीच जुनी गोळी, देऊन ते चित्र एकदा दाखवलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या आवाजाला दचकून डोळे मिटण्याची प्रतिक्रिया त्या चित्रासोबत वाढेनाशी झाली. पण ‘या चित्रानंतर झटका येईल असं वाटतं का?’ याला त्यांचं उत्तर अजून ‘हो’च होतं. आठवण शाबूत, धसका गेला. ‘स्मृती पुसणारी गोळी’ असे मथळे आले, ते म्हणून चूक.

उलटी बाजू १९११ ची. जिनिव्हाच्या क्लापारेदने हस्तांदोलन करताना हातात टाचणी लपवून एका विस्मृतीच्या रुग्णाला टोचलं. नंतर त्या बाई हात पुढे करीनात, कारण मात्र सांगता येईना. धसका आहे, आठवण नाही.

पाटोळी:
मग ‘धसका-अभिसंधान’? तत्सम आणि देशी यांची अशी मोळी बांधलेली बघून शब्दलोभीबाबना रात्री झोप यायची नाही.

शब्दलोभी:
नाहीच येणार. ‘रेल्वेस्थानक’ सोसलं म्हणून सगळंच सोसायचं का? आणि धसका एकाच मोठ्या प्रसंगाने बसतो. तुमच्या पेटीत दोन-चार फेऱ्या लागतात.

दर्यावर्दी:
झटका पुरेसा असला तर एका फेरीतही होतं. फेऱ्या सुराची आणि झटक्याची सांगड पक्की व्हावी म्हणून.

माटोळी:
तोवर दुसरा खड्डा. सूर पुन्हा पुन्हा ऐकवला आणि झटका दिला नाही की प्रतिक्रिया कमी होत जाते. कोशात ‘विलोपन’ आहे. चालेल?

दर्यावर्दी:
अर्थ चुकतो. विलोपन म्हणजे नाहीसं करणं. इथे नाहीसं काही होत नाही. काही आठवडे जाऊ द्या, प्रतिक्रिया आपोआप परत येते, हे पाव्हलॉव्हलाही माहीत होतं. पेटी बदला, परत येते. सुराशिवाय नुसता एक झटका द्या, तरी परत येते. जुनं शिकणं जागेवर असतं, त्यावर ‘आता हा सूर निरुपद्रवी आहे’ असं नवं शिकणं बसतं आणि मेंदूचा पुढचा भाग अमिग्डलाला आवरून धरतो. म्हणूनच एका दवाखान्यात बसून भीती घालवलेला रुग्ण बाहेर पडल्यावर पुन्हा अडखळतो. उपचार वेगवेगळ्या जागी करायला सांगतात ते यासाठी.

अबोली:
ओसरणं. पूर ओसरतो, ताप ओसरतो, आणि दोन्ही परत येतात.

खाजनकर:
किंवा सुकती, म्हणजे ओहोटी. भरती-सुकतीतली. पण आवरून धरण्याबद्दल म्हणाल तर गोव्यात त्याला तयार यंत्र आहे आणि त्याचं नाव मानस! खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तसं दार आपसूक मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकती लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. दार उघडायला कुणी उभं राहावं लागत नाही. फळी कुजली किंवा फटीतली चिकणमाती निघाली की खारं पाणी आत, आणि भाताचं पीक जातं. नदी आटलेली नसते, फक्त अडवलेली असते. विलोपनाऐवजी हे चित्र द्या.

शब्दलोभी:
‘मानस’ला संस्कृत मानसाशी जोडू नका म्हणजे झालं.

खाजनकर:
मी कुठे जोडलं? तुम्हीच जोडताय. मानसशास्त्रात मानस हवीच होती, एवढंच.

पाटोळी:
आठवण म्हणजे कोकणीत उगडास, आणि उगडास म्हणजे जे उघडतं ते! २००० साली नादर, शेफ आणि लडू यांनी दाखवलं ना, की आठवलेली आठवण काही तास उघडी असते. मग कोकणीने ते आधीच सांगून ठेवलंय.

शब्दलोभी:
उगडास आणि उघडणं यांत ग आणि घ चा फरक आहे. ध्वनी जुळला म्हणून मूळ जुळत नाही. मूळ दाखवा, मग बोला.

दर्यावर्दी:
व्युत्पत्तीचं तुम्ही बघा, प्रयोग मात्र तसाच आहे. शिकवल्यावर एका दिवसाने सूर एकदा ऐकवला आणि लगेच पार्श्व केंद्रकात प्रथिनं बनणं थांबवणारं अनायसोमायसिन सोडलं. चार तासांनी प्रतिक्रिया ठीक, पण दुसऱ्या दिवशी ढासळलेली. १४ दिवस जुन्या शिकण्यावरही तेच घडलं. सूर न ऐकवता औषध दिलं तर काही नाही. सूर ऐकवून सहा तासांनी दिलं तरी काही नाही. म्हणजे आठवून पुन्हा ठेवताना नव्याने बांधणी करावी लागते. याला ‘पुनर्दृढीकरण’ लिहितात, जीभ अडकते.

अबोली:
‘पुन्हा मुरणं’. लोणचं बरणी उघडून ढवळलं की पुन्हा मुरायला ठेवावं लागतं.

शब्दलोभी:
शास्त्रात लोणचं!

अबोली:
अमिग्डला म्हणजे ग्रीकमध्ये बदाम आणि हिपोकॅम्पस म्हणजे घोडामासा. त्यांनी खाऊ आणि मासळी आधीच घातलेय, मी फक्त लोणचं वाढलं.

माटोळी:
लेख गुरुवारी द्यायचा आहे. सध्या असं ठेवलंय: एकदा ‘धोक्याच्या इशाऱ्याचं अभिसंधान’, पुढे सगळीकडे ‘धसका’, गोठणंऐवजी थिजणं, विलोपनऐवजी ओसरणं. अमिग्डलाला ‘भयकेंद्र’ म्हणणारा मथळा मात्र संपादकांना सोडवत नाही.

दर्यावर्दी:
तो तरी काढाच. दोन्ही बाजूंचं अमिग्डला निकामी झालेल्या रुग्णांना २०१३ मध्ये ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा हुंगायला दिली, तर त्यांना भयाचा झटका आला. केंद्र गेलेलं, भय राहिलेलं.

माटोळी:
आणखी एक. मुद्रितं तपासणारे शास्त्रज्ञाच्या नावाचं ‘लेडॉक्स’ करतात. लडू बरोबर ना?

पाटोळी:
उच्चार लडूच्याच जवळचा. फक्त मथळ्यात एक काना जास्त पडला तर चतुर्थीचा लेख होईल, सांभाळा.

शब्दलोभी:
‘धसका’ परिभाषा म्हणून मला मान्य नाही, नोंद असावी.

अबोली:
खाजनकरबाब, मानशीच्या तोंडाला सुकतीच्या वेळी मासे धरायला पिशवीसारखं जाळं लावतात, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?