मदत हवी आहे: किर्लोस्करांचा नांगर आणि शुम्पीटरचा उद्योजक, सांधा कसा जुळवू?

नमस्कार मंडळी,

चाळिशीत बहिःस्थ एम.ए. अर्थशास्त्र करतेय. उद्योजकतेच्या पेपरला 25 पानांचा प्रकल्प आहे: उद्योजकाची अर्थव्यवस्थेतली आणि समाजातली भूमिका. माहेर पलूस तालुक्यातलं, म्हणून तिथलीच किर्लोस्करवाडी, किर्लोस्करांच्या कारखान्याची वसाहत, घेतली. पहिला मसुदा मॅडमनी परत केला. शेरा एवढाच: "ही गोष्ट झाली. विश्लेषण कुठंय?"

खरंय त्यांचं. मी लिहिलं होतं ते असं: 1888 मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि बिनव्याजी 10,000 रुपये दिले, आणि 1910 मध्ये वाडी वसली. माळावर नुसती निवडुंगं आणि साप! (हे वाक्य मॅडमनी लाल पेनानं खोडलंय. माझं लाडकं होतं.)

आता अडलंय ते सांगते. अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटर म्हणतो, उद्योजक म्हणजे नवी जुळणी करणारा. पण लोखंडी नांगर परदेशात आधीच होते. मग लक्ष्मणराव नवं करणारे की नक्कल करणारे? आणि जोखीम घेतो तो उद्योजक असं धरलं, तर पैसा आणि जमीन राजांची. उद्योजक नक्की कोण?

महिनाअखेरीस जमा करायचंय. कुणी वाट दाखवाल का?

– माहेरवाशीण

*

जुना_मास्तर: ताई, तुमचे दोन्ही प्रश्न शुम्पीटरनंच सोडवलेत, मूळ प्रकरण वाचा. 1911 च्या ग्रंथात तो नव्या जुळणीचे पाच प्रकार देतो: नवा माल, नवी उत्पादनपद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. शोध लावणं हे उद्योजकाचं काम तो मानतच नाही. परदेशातली वस्तू इथल्या बैलाला आणि इथल्या खिशाला झेपेल अशी करून विकणं पुरेसं आहे. जोखमीचंही तसंच. ती भांडवल देणाऱ्याची, असं तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे राजे भांडवलदार, लक्ष्मणराव उद्योजक. भांडण मिटलं.

कडबाकुट्टी: मास्तर, मिटलं कसं? भांडवलदार व्याज घेतो. बिनव्याजी देणाऱ्या संस्थानिकाला शुम्पीटरच्या कोणत्या खान्यात बसवणार? ताई, मॅडमना हवंय ते विश्लेषण इथंच आहे. सिद्धांत कुठे बसत नाही ते दाखवा. बसतो तिथे काय, कुणीही दाखवेल.

पापडवाली: मी तर लिज्जत घेतलं असतं. 1959, गिरगाव, सात बायका आणि उसने 80 रुपये. तिथं 'उद्योजक कोण' म्हणून एका माणसाकडे बोटच दाखवता येत नाही. तुलनेला दोन पानं तरी द्या.

माहेरवाशीण: मास्तर, कडबाकुट्टी, दोघांचेही आभार, आता जरा उजेड पडतोय. पापडवाली, दोन पानं नक्की. पण 'समाजातली भूमिका' या भागात काय घालू? वसाहत, शाळा हे सगळे लिहितात.

कडबाकुट्टी: 'किर्लोस्कर खबर' घाला. 1920 मध्ये कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला निघालेलं पत्रक, शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचं मासिक झालं. 1930 मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघालं. नांगर विकता विकता विधवाविवाहावर वाद घालणारा वाचक तयार झाला, हे कुठल्या ताळेबंदात येतं? आणि उलट बाजूही लिहा. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून द्यायचा, लोखंडी नांगराला रोकडा मोजावा लागला. शुम्पीटरचं 1942 चं 'सर्जनशील विध्वंस' (नवं येताना जुनं मोडतं, ते) हे प्रकरण सुताराच्या अंगणातून लिहिता येईल.

माहेरवाशीण: आमच्या गल्लीतच सुताराचं घर आहे. म्हातारे आजोबा नव्वदीचे, ऐकू कमी येतं, पण वडिलांच्या वेळचं सगळं आठवतं त्यांना. रविवारी माहेरी जातेय. त्यांना काय काय विचारू, तेवढं सुचवा.

जुना_मास्तर: नांगरामागं किती पायली जोंधळा मिळायचा, आणि तो कुठल्या साली थांबला. आधी हे दोनच. बाकीचं ते आपणहून सांगतील.