शनिवारी मंडळाचा टीशर्ट घालून गेला, शाळेने उलटा करून घालायला लावला

चिंचवडची_आई

जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. मुलगा चौथीत आहे. शनिवारी युनिफॉर्म नसतो, कलर ड्रेस चालतो. आमचे हे मंडळाचे खजिनदार, शिवजयंतीला मंडळाने टीशर्ट छापले आणि यंदा पहिल्यांदाच पोरांच्या साइजचे पण काढले. पाठीवर महाराजांचं चित्र, त्याखाली ज्याचं त्याचं नाव, आणि छातीवर मोठ्या अक्षरात "या देशात राहायचं तर आमच्या देवाचंच नाव घ्यायचं". मी वाळत घालताना वाचलं होतं, खोटं कशाला बोलू, पण मंडळाचं म्हणजे असलंच काहीतरी असणार म्हणून सोडून दिलं.

तर शनिवारी हा तोच घालून गेला. शेजारच्या बाकावरचा मित्र मुसलमान आहे, त्याचं मराठी वाचन कच्चं, म्हणून तो अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचत बसला, पूर्ण वाचून झाल्यावर ह्याला विचारतो, देशात म्हणजे शाळेत पण का? आमचं ध्यान म्हणालं हो. मॅडमनी ऐकलं आणि ह्याला बाथरूममध्ये जाऊन टीशर्ट उलटा करून घालायला सांगितलं. घरी आला तो रडतच. मला वाटलं सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला म्हणून, तर म्हणे माझं नाव आत गेलं, कोणाला दिसलंच नाही!

आता हे भडकलेत. महाराजांचा टीशर्ट उतरवायला लावला असं मंडळाच्या ग्रुपवर टाकून मोकळे झाले आणि सोमवारी दहाबारा पोरं घेऊन शाळेत जायचं ठरतंय. उतरवायला लावला नाही, उलटा करायला लावला, आणि चित्राबद्दल मॅडम एक अक्षर बोलल्या नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. कोणाचं चुकलं? आणि सोमवारचं काय करू?

कोकणकडा_77

मॅडमचं चुकलं. टिळा लावून आलं की पुसा, राखी बांधली की काढा, सगळं आपल्याच पोरांना. हिजाब घालून आलेलीला कोण बोलतं का?

बाई_जिल्हापरिषद

दादा, हिजाबवाल्या मुलींना कोणी बोलत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? उडुपीला 2021 संपता संपता सुरू झालं ते विसरलात का. मुलींना वर्गात घेईनात, मग दुसरी पोरं भगवी उपरणी घालून गेटवर, 5 फेब्रुवारी 2022 ला कर्नाटक सरकारचा आदेश, 15 मार्चला हायकोर्टाने तो उचलून धरला, आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. त्यात कोणी जिंकलं असेल नसेल, मुलींची परीक्षा मात्र बुडाली.

पण ताईंच्या प्रश्नाशी त्याचा तसा संबंध नाही असं माझं मत. मी बावीस वर्षं वर्गात उभी आहे. टिळा, हिजाब, गळ्यातला क्रॉस, वारकऱ्याच्या पोराची तुळशीची माळ, हे सगळं मूल स्वतःबद्दल सांगतं, मी अमक्या घरातला. त्या टीशर्टावरची ओळ समोरच्याबद्दल आहे, तू इथे कोणत्या अटीवर बसायचंस ते सांगते. आणि समोरचा नऊ वर्षांचा असतो हो! मी असते तर मीही तेच केलं असतं, फक्त बाथरूमला पाठवण्याऐवजी पीटीचं जॅकेट वरून दिलं असतं. उलटा टीशर्ट बघून बाकीची पोरं हसतात, ते लागतं.

परदेशी_पाटील

मी 2009 ला फ्लोरिडात गेन्सविलला शिकायला होतो तेव्हाचं सांगतो, कारण अगदी हेच झालं होतं फक्त देव वेगळा. तिथे एक छोटं चर्च होतं, डव्ह वर्ल्ड आउटरीच सेंटर, पाद्री टेरी जोन्स. त्यांनी जुलैत अंगणात बोर्ड लावला, इस्लाम सैतानाचा आहे असा, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या तसे चर्चमधल्या घरांची मुलं तेच वाक्य पाठीवर छापलेले टीशर्ट घालून शाळेत. पुढच्या बाजूला बायबलचं वचन. पाचवीतल्या एका मुलीलासुद्धा त्यावरून घरी पाठवलं, मोठ्या शाळेतल्यांनाही. गावात तेव्हा दुसरा विषय नव्हता. मजा म्हणजे पुढच्या वचनाला शाळेची काहीच हरकत नव्हती, भांडण फक्त पाठीवरून होतं, तुमच्याकडे बरोब्बर उलटं.

मग घरच्यांनी केस टाकली, बोलण्याचं स्वातंत्र्य वगैरे, आणि 2011 मध्ये फेडरल कोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत, जिथे तोंडाला कुलूप लावणं सगळ्यात अवघड तिथे! त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच चर्चमध्ये कुराण जाळलं आणि 1 एप्रिलला अफगाणिस्तानात मझार ए शरीफला जमाव युनोच्या ऑफिसात घुसला, माणसं मेली. म्हणजे टीशर्ट ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट होती पण मला आठवते ती तीच, कारण बोर्ड लावायला पाद्री आणि तो घालून वर्गात बसायला पाचवीतली मुलगी.

कायद्याचं_बोला

पाटील, अर्धीच गोष्ट सांगितलीत. अमेरिकेत या सगळ्याचं मूळ टिंकर केस. डिसेंबर 1965, आयोवातलं डे मॉइन, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाला मुलं दंडावर काळी पट्टी बांधून शाळेत गेली, शाळेने निलंबित केलं, आणि 1969 ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल मुलांच्या बाजूने दिला, शाळेच्या फाटकात हक्क गळून पडत नाहीत म्हणून. आता गंमत बघा, त्या टिंकर मुलांचे वडील पाद्री, आईवडील दोघंही शांतता चळवळीतले, आणि धाकटा भाऊ तर आठ वर्षांचा, तोही पट्टी बांधून गेलेला. आठ वर्षांच्या पोराला व्हिएतनाम कुठे आहे ते काय ठाऊक? म्हणजे आईबापांनी डोक्यात भरवलं हा मुद्दा तिथेही होताच. तेव्हा "पोरं आईबापांचं बोलतात" म्हणून टीशर्ट वाईट असं म्हणू नका, मग पट्टीही वाईट ठरेल. कोर्टाने बघितलं ते एवढंच की वर्ग बंद पडतो का आणि दुसऱ्या मुलाच्या हक्कावर गदा येते का. पट्टीने कोणाचं काही बिघडलं नाही.

आणि कोकणकडा, तुमच्यासाठी: 2024 ला चेंबूरच्या कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज बंद केले, मुंबई हायकोर्टाने जूनमध्ये चालवून घेतलं, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या नोटिशीला बऱ्याच अंशी स्थगिती दिली आणि विचारलं की मग टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का. सोयीचं तेवढं वाचू नका.

कोकणकडा_77

वाचतो हो सगळं. पण शाळेने आधी आईवडिलांना फोन करायला हवा होता की नाही? पोराला एकट्याला बाथरूममध्ये पाठवणं हे कुठल्या कोर्टात बसतं?

बाई_जिल्हापरिषद

हे मान्य. फोन करायला हवा होता.

मिरजमळा

सोमवारचं आधी बघा. आम्ही मिरजेचे. 2009 च्या गणपतीत कमानीवर अफजलखान वधाचं चित्र लावण्यावरून जे पेटलं ते सांगलीपर्यंत गेलं, कर्फ्यू बघितलाय आम्ही, विसर्जन लांबलं होतं. कोणाचं बरोबर ते आजही दोन बाजूंनी दोन सांगतात पण दुकानं सगळ्यांचीच बंद होती. वहिनी, दादांना म्हणा तुम्ही बाप म्हणून जा, खजिनदार म्हणून नको. दहा पोरं गेटवर गेली की विषय टीशर्टाचा राहतच नाही, आणि मंगळवारी तुमच्या पोराला त्याच वर्गात बसायचंय.

चिंचवडची_आई

सगळ्यांचे आभार. मिरजमळा, तुमचा मेसेज तसाच्या तसा ह्यांना वाचून दाखवला, आधी चिडले, रात्री अकराला ग्रुपवर लिहिलं मी एकटाच जाऊन येतो. गेले. तासभर बसले, मॅडमनी माफी मागितली नाही, ह्यांनीही नाही, फोन करायला हवा होता हे मात्र प्रिन्सिपलबाईंनी कबूल केलं. हे घरी येऊन म्हणे त्या बाईंनी मला ती ओळ मोठ्याने वाचायला सांगितली, आणि बाहेर त्या मुलाचा बाप फी भरायला उभा होता. वाचली का विचारलं तर चहा टाक म्हणाले.

बुधवारी सर्क्युलर आलं, शनिवारच्या कपड्यांवर कुठलंही लिखाण नको. आता वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या आया माझ्यावर पेटल्यात कारण मुलींचे सगळे टॉप "प्रिन्सेस" नाहीतर "ड्रीम बिग"वाले. एकीने तर विचारलं, नायकेची ती बरोबरची खूण लिखाणात धरायची का?

टीशर्ट घरी घालायचा असं ठरलंय. काल संध्याकाळी तो मित्र खेळायला आला, हा तोच घालून, माझं लक्ष जाईपर्यंत दोघं जिना उतरून खाली पार्किंगमध्ये क्रिकेटला. काही बोलले नाहीत एकमेकांना, निदान मला ऐकू आलं नाही. ह्याला नावासाठीच तो हवाय. छापलेलं नाव तेवढं दुसऱ्या टीशर्टावर घेता येतं का कोणाला माहितीये?

बाई_जिल्हापरिषद

छापलेलं उचलून नाही घेता येत. नावाचा पट्टा कापा, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून, कडा आत दुमडून साध्या टीशर्टाच्या पाठीवर शिवा. इस्त्री उलट बाजूने फिरवा नाहीतर अक्षरं चिकटतात. शाळेत मात्र तोही चालणार नाही, लिखाण आहे.