मदत हवी आहे: गावी बाबांच्या गाडीची बॅटरी उतरली आहे, जंप-स्टार्ट सुरक्षितपणे कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी असतात आणि मी पुण्यात. बाबांची पेट्रोल गाडी (मॅन्युअल गिअर, साधी छोटी हॅचबॅक) पावसामुळे बरेच दिवस शेडमध्येच उभी होती. आज सकाळी किल्ली फिरवली तर नुसती टिकटिक. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, सेल्फ लागलाच नाही, हॉर्नचा आवाजही बसलेला. शेजारच्या वायरमनदादांनी मीटर लावून पाहिलं तर १०.९ व्होल्ट. बॅटरी चार वर्षांची आहे.

गुरुवारी आईला रत्नागिरीला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. ती वेळ मुश्किलीने मिळाली आहे, चुकवायची नाही.

आता वाडीत जो तो उपाय सुचवतोय. चिरेखाणीवरचा दहाचाकी ट्रक रोज दारावरून जातो, त्याचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, पाच मिनिटांत चालू करून देतो." दुसरे म्हणतात, घाटीवरून गाडी सोडा आणि सेकंड गिअरमध्ये क्लच सोडा. तिसरा पर्याय म्हणजे शेजारच्या काकांची डिझेल बोलेरो, त्यांच्याकडे केबलही आहे. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना सगळं स्वतःच करायचं असतं, त्यामुळे मला काळजी वाटतेय.

मला इतकं माहीत आहे की लाल चिमटा प्लसला आणि काळा मायनसला. पण शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला लावायचा नाही असंही ऐकलंय. मग तो नेमका कुठे लावायचा आणि का? डिझेल गाडीवरून पेट्रोल गाडी चालू केली तर काही बिघडतं का? मला हे बाबांना फोनवर एकेक पायरी करून सांगायचं आहे, म्हणून कृपया क्रमाने लिहा.

स्पॅनर_पान्हा:

ताई, आधी ट्रकचं. नको म्हणून सांगा, आजच सांगा. दहाचाकी ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि आपल्या गाडीची १२ची. तेवढा दाब आला तर गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जळू शकतो आणि बॅटरी फुटूही शकते. ड्रायव्हर म्हणेल की दोन बॅटऱ्यांपैकी एकच धरतो. हिशेबाने एका बॅटरीचे १२च मिळतात, पण एकापुढे एक जोडलेल्या त्या दोनपैकी प्लसकडच्या बॅटरीचं मायनस ट्रकच्या बॉडीपेक्षा १२ व्होल्टने वर असतं. चिमटा चुकला किंवा दोन्ही गाड्यांचा पत्रा एकमेकांना लागला की थेट शॉर्ट. बोलेरो १२ व्होल्टची आहे, तीच घ्या. डिझेल-पेट्रोलने काही फरक पडत नाही, व्होल्ट जुळले पाहिजेत.

आता क्रम. दोन्ही गाड्या जवळ उभ्या करा, पण एकमेकींना टेकू देऊ नका. दोन्हींचं इंजिन, दिवे, पंखा सगळं बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. लाल चिमटा आधी बाबांच्या बॅटरीच्या प्लसला. लाल केबलचं दुसरं टोक बोलेरोच्या प्लसला. मग काळा चिमटा बोलेरोच्या मायनसला. उरलेला काळा चिमटा बाबांच्या गाडीच्या इंजिनवरच्या एखाद्या जाड, रंग नसलेल्या बोल्टला किंवा लिफ्टिंग हुकला, बॅटरीपासून जितका लांब जमेल तितका.

कारण असं की शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. ठिणगी बॅटरीपासून लांब उडाली तर धोका टळतो. त्या वेळी जवळपास कोणी विडी ओढत नाही ना, हेही बघा.

मग बोलेरो चालू करून पाचेक मिनिटं थोड्या रेझवर ठेवा आणि बाबांना सेल्फ मारायला सांगा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही लागली तर थोडं थांबून पुन्हा. चालू झाली की उलट क्रमाने काढा: इंजिनवरचा काळा, बोलेरोचा काळा, बोलेरोचा लाल, शेवटी बाबांच्या बॅटरीवरचा लाल.

घाटमाथा:

वरच्या क्रमाशी पूर्ण सहमत. मला घाटीबद्दल लिहायचंय. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर (पेडल दाबायला जोर देणारा भाग) एक-दोन दाबांतच रिकामा होतो, मग पेडल दगडासारखं लागतं. पॉवर स्टीअरिंगही जड होतं. पावसात शेवाळलेल्या उतारावर बहात्तर वर्षांच्या माणसाने हे करायचं? कृपा करून नको. शिवाय बॅटरी इतकी उतरलेली असेल तर इंधनपंप आणि इंजेक्शनला पुरेसा करंट मिळत नाही, गाडी उताराच्या तळाला जाऊन बंदच राहील.

जोडण्याआधी बॅटरीचं अंग फुगलंय का, चीर आहे का, अॅसिड गळतंय का हे बघायला सांगा. यातलं काहीही असलं तर जंप नको. बाबांनी गळ्यात पंचा घेतला असेल तर तो काढून ठेवायचा, रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो. चष्मा आणि रबरी चपला असू द्याव्यात. हातातली अंगठी आणि घड्याळही उतरवून ठेवावं.

कोकणकडा_७:

केबलची जाडी बघा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या केबलींना रबरच जाड असतं, आतला तांब्याचा गाभा सुतळीएवढा. पेट्रोल गाडीला किमान १६ चौरस मिलिमीटर तांबं हवं. सेल्फ मारताना केबल तापली तर लगेच थांबा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार! ट्रक आणि घाटी दोन्ही रद्द, बाबांनी ऐकलं. अजून एक शंका: बुधवारी जंप देऊन अर्धा तास गाडी चालू ठेवली तर गुरुवारी सकाळी लागेल का?

स्पॅनर_पान्हा:

त्यावर विसंबू नका, विशेषतः आईंना न्यायचं असताना. उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवून बॅटरी फारशी भरत नाही, आणि १०.९पर्यंत गेलेली चार वर्षांची बॅटरी चार्ज धरेलच असं नाही. हातात दोन दिवस आहेत, तर माझ्या मते जंप देण्यापेक्षा बॅटरी काढून दुचाकीवरून देवरूखला बॅटरीवाल्याकडे न्या. काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस. न्यायची उभी, आडवी नाही. तो रात्रभर स्लो चार्ज करून लोड टेस्ट करेल, म्हणजे भार टाकून बॅटरी टिकते का ते बघेल. टेस्टमध्ये पडली तर तिथूनच नवी आणा. बसवल्यावर गाडी चालू असताना वायरमनदादांना मीटर लावायला सांगा: साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. त्याहून कमी आले तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरणारा भाग) तपासायला हवा, आणि गुरुवारसाठी बोलेरोवाल्या काकांना आजच विचारून ठेवा.

धागाकर्ती:

हे पटलं. वायरमनदादा संध्याकाळी बॅटरी काढून द्यायला येतायत, चार्जिंगला उद्या सकाळी जाईल. काकांशीही बोलले, गुरुवारी बोलेरो मोकळी आहे. लोड टेस्टचे आकडे आले की इथेच टाकते.